टॉर्च फटफटते तेव्हा दाब वाढवू नका: घरगुती ऑक्सि-ॲसिटिलीन वापरताना या चुका टाळा

गंजून बसलेले नट तापवून सोडवणे, तुटलेल्या कडीला पितळी झाळ देणे किंवा एखादी जाड पट्टी कापणे अशा कामांसाठी अनेक जण घराच्या शेडमध्ये ऑक्सिजन आणि डीए गॅसचे (म्हणजे विरघळवलेल्या ॲसिटिलीनचे) छोटे सिलिंडर ठेवतात. या संचातला बिघाड बहुधा आवाजातून किंवा ज्योतीच्या रूपातून आधीच कळतो. परंतु ज्योत नीट लागेना की हात प्रथम रेग्युलेटरच्या स्क्रूकडे जातो आणि ॲसिटिलीनचा दाब वाढवला जातो. माझ्या मते सगळ्या चुकांमध्ये ही सर्वांत घातक आहे.

मोकळा ॲसिटिलीन सुमारे १ बार म्हणजे १५ पीएसआय दाबाच्या वर अस्थिर होतो आणि हवा किंवा ऑक्सिजन नसतानाही त्याचे स्फोटक विघटन होऊ शकते. सिलिंडरमध्ये तो सुमारे १५ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाखाली सुरक्षित राहतो, कारण आतल्या सच्छिद्र पदार्थात मुरलेल्या ॲसिटोनमध्ये तो विरघळलेला असतो; नळीत त्याला असे कोणतेही संरक्षण नसते. त्यामुळे रेग्युलेटरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकवून ज्योत सुधारण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

टॉर्च, म्हणजे दोन्ही वायू मिसळून ज्योत देणारा दांडा, फट् असा आवाज करून विझत असेल, तर कारण बहुतेक वेळा नोझलपाशीच सापडते. नोझल कामाला टेकले असेल, ठिणग्यांबरोबर उडालेला धातू तोंडाशी चिकटला असेल, कोपऱ्यात काम करताना नोझल फार तापले असेल किंवा नोझलच्या मापाच्या मानाने वायूचा प्रवाह कमी पडत असेल, तर ज्योत आत ओढली जाते. ज्योतीचा आतला पांढरा शंकू कामापासून २ ते ३ मिलिमीटर दूर ठेवावा. तापलेले नोझल पाण्यात बुडवून थंड करताना ॲसिटिलीन बंद ठेवावा आणि ऑक्सिजन किंचित सुरू ठेवावा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. भोक साफ करण्यासाठी शिवणाची सुई किंवा सायकलच्या ताराचा तुकडा फिरवला, तर भोक वाकडे आणि मोठे होते व ज्योत कायमची तिरकी पडते. त्यासाठी योग्य मापाची नोझल साफ करायची तारच सरळ आत-बाहेर करावी.

फटफट थांबून टॉर्चच्या आत शिट्टीसारखा किंवा चर्रर्र असा आवाज येऊ लागला आणि दांडा गरम होऊ लागला, तर ज्योत आतल्या मिश्रणकक्षात जळत आहे असे समजावे. अशा वेळी क्षणही न दवडता प्रथम टॉर्चवरचा ऑक्सिजन बंद करावा, मग ॲसिटिलीन, आणि त्यानंतर दोन्ही सिलिंडरच्या चाव्या. आतली आग ऑक्सिजनवर टिकते, म्हणून हा क्रम आहे. कारण शोधल्याशिवाय टॉर्च पुन्हा पेटवू नये. ज्योत नळीतून सिलिंडरकडे जाऊ नये म्हणून दोन्ही रेग्युलेटरवर फ्लॅशबॅक अरेस्टर आणि टॉर्चच्या नळी जोडायच्या टोकाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (वायू उलटा जाऊ न देणारी झडप) असणे अत्यावश्यक आहे. हा खर्च वाचवण्याजोगा नाही.

छोट्या सिलिंडरवर मोठे तापवण्याचे नोझल लावणे ही घरगुती वापरातली खास चूक आहे. एका तासात सिलिंडरमधील वायूच्या सातव्या भागापेक्षा अधिक वायू ओढू नये, असा रूढ नियम आहे. म्हणजे १ घनमीटरच्या सिलिंडरमधून तासाला सुमारे १४० लिटरच. त्याहून अधिक ओढले, की वायूबरोबर ॲसिटोनही बाहेर येते, ज्योतीचा रंग बदलतो, नळीचे रबर खराब होते आणि सिलिंडरही धोकादायक बनतो. रिक्षातून आडवा आणलेला सिलिंडर लगेच जोडल्यासही हेच घडते. तो शक्यतो रात्रभर उभा ठेवून मगच वापरावा आणि काम चालू असतानाही साखळीने उभाच बांधलेला असावा.

जोडणीतल्या चुका दिसायला किरकोळ असतात. ऑक्सिजनचा नट घट्ट बसेना म्हणून त्यावर दोन थेंब तेल टाकणे किंवा गिअरबॉक्स उघडून झाल्यावर त्याच ग्रीसच्या हाताने रेग्युलेटर लावणे, यातून आग लागू शकते, कारण १५० किलो दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस आपोआप पेट घेते. त्याच कारणाने ऑक्सिजनच्या फवाऱ्याने कपड्यांवरची धूळ उडवू नये. ऑक्सिजन मुरलेला सुती सदरा एका ठिणगीने भडकतो. ॲसिटिलीनची फाटलेली लाल नळी फ्रिजदुरुस्तीतून उरलेल्या तांब्याच्या तुकड्याने जोडणे तर पूर्णपणे वर्ज्य आहे, कारण तांब्याशी ॲसिटिलीनचे स्पर्शाने फुटणारे संयुग तयार होते. ॲसिटिलीनचे आटे डावे (उलट्या दिशेने आवळायचे) असतात आणि त्याच्या नटाच्या कडांवर खाचा असतात; आटे जुळत नसतील, तर जोर लावण्याऐवजी नळी चुकली नाही ना हे पाहावे. गळती तपासण्यासाठी तेलविरहित डिटर्जंटचे पाणी वापरावे, काडी कधीही नाही.

सिलिंडर उघडताना रेग्युलेटरचा स्क्रू सैल असावा, माणसाने बाजूला उभे राहावे आणि चावी हळू फिरवावी. ॲसिटिलीनची चावी दीड फेऱ्यापेक्षा जास्त उघडू नये आणि ती व्हॉल्व्हवरच ठेवावी, म्हणजे गडबडीत शोधावी लागत नाही. पेटवण्यापूर्वी प्रत्येक नळीतून थोडा वायू वेगवेगळा सोडून आतली हवा काढून टाकावी. मग ॲसिटिलीन पेटवून काजळी नाहीशी होईपर्यंत वाढवावा आणि त्यानंतर ऑक्सिजन हळूहळू द्यावा. शंकूभोवतीचे पिसासारखे टोक नाहीसे झाले आणि शंकू स्पष्ट व गोलसर दिसला की ज्योत न्यूट्रल झाली, म्हणजे दोन्ही वायूंचे प्रमाण जुळले. शंकू टोकदार होऊन फुसफुस आवाज येऊ लागला, तर ऑक्सिजन जास्त झाला आहे. पेटवण्यासाठी स्पार्क लायटरच वापरावा. डोळ्यांना ५ क्रमांकाच्या शेडचा चष्मा हवा. उन्हाचा काळा चष्मा चालत नाही. जी.आय. (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपवर झाळ देताना जस्ताच्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, म्हणून आधी जस्ताचा थर घासून काढावा आणि मोकळ्या हवेतच काम करावे.

मोटारसायकलच्या गळक्या टाकीवर घरी झाळ देऊ नये. पेट्रोल ओतून टाकलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, कारण तिच्यात हवा आणि वाफ यांचे स्फोटक मिश्रण तयार होते. साध्या पाण्याने विसळून ते खात्रीने निघत नाही.

काम झाल्यावर टॉर्चवर आधी ॲसिटिलीन, मग ऑक्सिजन बंद करावा. टॉर्चच्या माहितीपत्रकात वेगळा क्रम दिला असेल, तर तोच पाळावा. त्यानंतर सिलिंडर बंद करून नळ्यांतील दाब सोडून द्यावा. साठवताना काळा ऑक्सिजन सिलिंडर आणि मरून ॲसिटिलीन सिलिंडर एकमेकांपासून सुमारे ६ मीटर दूर किंवा मध्ये अग्निरोधक भिंत राहील असे ठेवावेत. ॲसिटिलीनच्या सिलिंडरचा पृष्ठभाग आपोआप गरम होत असल्याचे हाताला जाणवले, तर आत विघटन सुरू झालेले असू शकते. तो हलवू नये, उघडू नये आणि त्याच्याजवळ थांबू नये. सर्वांना लांब नेऊन १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे आणि सिलिंडर ॲसिटिलीनचा आहे हे आवर्जून सांगावे.