बडोद्याहून दुबईला ट्रक चालवायला येताय? आधी कागद बघा

गोल्डन चोकडीच्या टपरीवरून पोरांचे फोन येतात. “काका, व्हिसा आलाय, आता काय काय लागेल?” मी आधी एकच सांगतो: पासपोर्ट आणि लायसन्स शेजारी शेजारी ठेव, आणि दोन्हीवरचं नाव मला एकेक अक्षर सुटं करून वाचून दाखव.

आपल्या बडोद्यात हा घोळ घरोघरी आहे. शाळेच्या दाखल्यावर जाधव, लायसन्सवर जादव, कारण गुजराती कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं. वडिलांच्या नावाला एका कागदावर ‘राव’, दुसऱ्यावर ‘भाई’. घरी कुणाचं काही अडत नाही म्हणून आपण तसंच चालू देतो.

मी बडोद्याच्या वाडी भागातला. मकरपुरा जीआयडीसीतून माल भरून मुंबईला नेत असे. दुबईतल्या जेबेल अलीत येऊन 14 वर्षं झाली. इथे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपलं जुनं लायसन्स दाखवलं की शिकवणीचे तास कमी होतात. माझ्या कार्डावर वडिलांचं नाव ‘भाई’ लावून होतं, पासपोर्टवर नुसतं. काउंटरवरच्या माणसाने कार्ड दोनदा उलटसुलट केलं, त्या ‘भाई’वर पेनचं टोक टेकवलं आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं. बारा वर्षं हायवेवर काढलेल्या माणसाला नवशिक्यासारखे सगळे तास भरावे लागले. फी गेली ती गेलीच, वर तेवढे दिवस पगार अर्धा.

म्हणून नावाची दुरुस्ती दरजीपुऱ्याच्या आरटीओत, तिकीट निघायच्या आधी करा. त्याच फेरीत हेवीचं लायसन्स रिन्यू करता येत असेल तर तेही करा. आपल्याकडे ट्रान्सपोर्ट लायसन्स 5 वर्षांचं असतं आणि मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट द्यावी लागते. सुट्टीचा एक महिना त्यात घालवू नका. आणि आंतरराष्ट्रीय परमिटच्या भरवशावर येऊ नका. ते वर्षभराचं असतं खरं, पण इथला रहिवासी व्हिसा लागला की ट्रकसाठी इथलंच लायसन्स लागतं. डोळ्यांची तपासणी, थिअरी, यार्ड टेस्ट, रोड टेस्ट, सगळं नव्याने. थिअरी हिंदीत देता येते, तेव्हा इंग्रजीची धास्ती नको.

आता पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागते असा शेरा, छापलाय का बघा. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर तो बहुधा असतो. अशांना नोकरीसाठी ज्या 18 देशांत जायला सरकारी परवानगी लागते, त्यात अमिरात, सौदी, ओमान, कतार, कुवेत सगळे आले. परवानगी ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवरून मिळते. तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा निघतो, 2 वर्षांचे 275 रुपये किंवा 3 वर्षांचे 375, आणि अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाखांचं संरक्षण. ट्रकवाल्याने हा विमा टाळूच नये. परवानगीची कटकट नको म्हणून एजंट सांगतो, “व्हिजिटवर जा, तिकडे बदलून देतील.” तसं येऊन अडकलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांची नोंद कुठेच नसते, मग तक्रार तरी कशाच्या जोरावर करणार? एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासा. त्याला 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि जे द्याल त्याची पावती घ्या, असं कितीही वेळा सांगितलं तरी मला कमीच वाटतं.

मेडिकल निघण्याआधी आणि पोचल्यावर, दोन्हीकडे होते. छातीचा एक्स-रे आणि रक्त. पूर्वी कधी टीबी झाला असेल तर नोकरी सोडण्याआधी, एजंटला पैसे देण्याआधी, आपल्या डॉक्टरकडून एक्स-रे काढून बघा. पोलिस व्हेरिफिकेशनचा दाखला कंपनीने मागितला तर पासपोर्ट सेवेतून काढा.

सगळ्यात जास्त वेळ ऑफर लेटरला द्या. इथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीसोबत हिंदीतही मिळतं. हिंदी प्रत मागा आणि घरी बसून मोठ्याने वाचा. हुद्दा ‘हेवी ट्रक ड्रायव्हर’ आहे की ‘हेल्पर’? हेल्पर असेल तर सही नको. लायसन्सची फाइल उघडताना ते आडवं येतं. मग बेसिक पगार बघा. एकूण 2,000 दिरहम दिसतात, पण बेसिक 800 आणि बाकी भत्ते असतील, तर नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवरच धरतात. पहिली 5 वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक, म्हणजे 560 दिरहम. तेच बेसिक 2,000 असतं तर 1,400 मिळाले असते. लायसन्सचा खर्च कोण करणार, नापास झालो तर पुढच्या टेस्टचे पैसे कोणाचे, ट्रेनिंगच्या दिवसांत पगार किती, हे लेखी घ्या. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च कामगाराकडून घेणं इथल्या कायद्यात बसत नाही. पासपोर्ट ठेवून घेणंही नाही.

सगळ्या कागदांचे फोटो भावाच्या किंवा बायकोच्या फोनवर ठेवा आणि एक झेरॉक्स संच आईच्या कपाटात. अडचण आली तर दुबईतल्या भारतीय साहाय्य केंद्राचा 800 46342 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे.

पोचल्यावर बताका, म्हणजे एमिरेट्स आयडी, आल्याशिवाय बँकेचं खातंही नीट उघडत नाही. लायसन्सला त्यानंतर आणखी काही आठवडे जातात. त्या दिवसांत फोरमन सहज म्हणेल, “जरा यार्डातच गाडी मागे घे.” मुल्किया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, गाडीत असेल, गाडीचा विमाही असेल, पण लायसन्स नसताना भिंतीला नुसती घासली तरी विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई तुमच्या पगारातून कापायला बघतात. चावी त्याच्या हातात परत द्या आणि म्हणा, लायसन्स आलं की चालवतो.