कनेक्शन फेल झालं की रीस्टार्ट नंतर, आधी एरर वाचा

डेटा इंटिग्रेशन सर्व्हरवरचा (वेगवेगळ्या डेटाबेसमधला डेटा इकडून तिकडे नेणारा) जॉब डेटाबेसशी कनेक्शन होत नाही असा एरर देऊन पडला की बरेच जण थेट सर्व्हिस रीस्टार्ट करतात, प्लीज तसं करू नका, आधी लॉगमध्ये खाली जाऊन मूळ एरर शोधा कारण खरं उत्तर तिथेच असतं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचलात पण त्या पोर्टवर (मशीनवरचा तो नंबर जिथे डेटाबेस कनेक्शन घेतो) कोणी ऐकत नाहीये, म्हणजे डेटाबेस बंद आहे नाहीतर पोर्ट चुकलाय (डिफॉल्ट ओरॅकलचा १५२१, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, पोस्टग्रेसचा ५४३२). टाइमआउट असेल, म्हणजे उत्तरच न येता वेळ संपला, तर पहिला संशय फायरवॉलवर (नेटवर्कमधली ये-जा अडवणारी भिंत). 'अननोन होस्ट' म्हणजे नाव चुकलंय किंवा डीएनएसमध्ये (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी व्यवस्था) गडबड आहे. आणि लॉगिन फेल्ड आलं तर नेटवर्कवाल्यांना त्रास देऊ नका, रस्ता मोकळा आहे, पासवर्ड बघा.

टेस्ट मात्र जॉब चालतो त्या सर्व्हरवरूनच करा, स्वतःच्या लॅपटॉपवरून चालतंय याला काही अर्थ नाही. पिंगवरही विसंबू नका, त्याने फक्त मशीन उत्तर देतंय का ते कळतं, पोर्ट कळत नाही, टेलनेट कमांडने होस्ट (मशीनचं नाव) आणि पोर्ट दोन्ही देऊन बघा, आणि जमलं तर डेटाबेसचं कनेक्शनही सर्व्हिस ज्या युजरने चालते त्याच युजरने तपासा, कारण ड्रायव्हरचा (डेटाबेसशी बोलणारं सॉफ्टवेअर) पाथ बऱ्याचदा तिथेच गंडलेला असतो.

जॉब नीट सुरू होऊन बराच वेळ शांत राहिल्यावर तुटत असेल तर ती केस वेगळी, मधला फायरवॉल रिकामं बसलेलं कनेक्शन गुपचूप काढून टाकतो. लिनक्सवर कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का बघणारा छोटा संदेश) डिफॉल्टला ७२०० सेकंदांनी, म्हणजे तब्बल २ तासांनी जातो, आणि तोही ड्रायव्हरने चालू केला असेल तरच. तो चालू करा, वेळ फायरवॉलच्या आयडल टाइमआउटपेक्षा कमी ठेवा आणि कनेक्शन पूलमध्ये (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शन्स) व्हॅलिडेशन क्वेरी, म्हणजे वापरण्याआधी कनेक्शन चालतंय का बघणारी छोटी क्वेरी, टाका.