एअर इंडियाचा इतिहास गावच्या शाळेत कसा शिकवावा

एअर इंडियाचा इतिहास शिकवताना बहुतेक शिक्षक 15 ऑक्टोबर 1932 या दिवसापासून आरंभ करतात. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला विमान उतरवले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. हा आरंभ योग्यच आहे. परंतु यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या खेड्यातील ज्या मुलांनी विमान केवळ आभाळातून जाताना पाहिले आहे, त्यांच्यासाठी पहिला तास नागपूरपासून सुरू करावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

1949 साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. नागपूर देशाच्या मध्यभागी आहे, हे वाक्य मुलांना पाठ असते. त्या मध्यभागी असण्याचा उपयोग काय, हे येथे कळते.

यासाठी भारताचा नकाशा भिंतीवर लावून चारही शहरांपासून नागपूरपर्यंत दोरा ताणावा आणि नकाशाच्या प्रमाणावरून मुलांकडूनच अंतरे काढून घ्यावीत. मुंबई सुमारे 700 आणि कलकत्ता सुमारे 950 किलोमीटर येईल. त्या काळच्या डकोटा विमानाचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या आसपास धरून, चारही विमाने रात्री बारा वाजता नागपुरात पोहोचायची असतील तर कोणते विमान किती वाजता निघाले पाहिजे, हे गणित फळ्यावर सोडवायला द्यावे. कलकत्त्याच्या विमानाला मुंबईच्या विमानापेक्षा पाऊण तासाहून अधिक आधी निघावे लागते, हे मुले स्वतः शोधून काढतात, तेव्हा वेळापत्रक म्हणजे काय हे त्यांना निराळे समजावून सांगावे लागत नाही.

येथे एक काळजी घेणे आवश्यक आहे. ही रात्रीची सेवा एअर इंडियाची होती, असे सांगू नये. ती आरंभी खासगी कंपन्यांकडे होती आणि 1953 च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सकडे आली. म्हणून फळ्यावर दोन समांतर रेघा ओढाव्यात. पहिल्या रेघेवर टाटांची टपालसेवा, 1946 साली तिची झालेली एअर इंडिया, 8 जून 1948 रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेलेले ‘मलबार प्रिन्सेस’ आणि 1953 नंतरची परदेशी उड्डाणे मांडावीत. दुसऱ्या रेघेवर देशांतर्गत वाहतुकीच्या आठ कंपन्या एकत्र करून झालेली इंडियन एअरलाइन्स येते आणि नागपूर या रेघेवर बसते. 2007 साली दोन्ही रेघा जुळतात. 27 जानेवारी 2022 रोजी सरकारने कंपनी पुन्हा टाटा समूहाकडे सोपवली, हे शेवटचे टोक.

मधल्या काळातील विमानांची नावे पाठ करून घेण्यात वेळ घालवू नये. 1990 साली कुवेतमधून 1 लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणले, तो प्रसंग मात्र सविस्तर सांगावा, कारण राष्ट्रीय विमान कंपनी देशाच्या हाती का असावी, या प्रश्नावर वरच्या वर्गातील मुले त्यावरून नेटाने वाद घालू शकतात. 1985 च्या ‘कनिष्क’ विमानातील बॉम्बस्फोटात 329 जणांचे प्राण गेले. तो विषय लहान वर्गांत घेऊ नये.

पुढच्या तासाला मुलांना घरातील जुन्या पेट्यांमधून, आजोबा-आजींना विचारून, पन्नास-साठच्या दशकातील पत्रे आणायला सांगावीत. पत्रावर टाकल्याच्या गावाचा शिक्का असतो आणि पुष्कळदा पोहोचल्याच्या गावाचाही. दोन्ही तारखा भिंगाने वाचून पत्राला किती दिवस लागले, ते वहीत लिहावे आणि शिक्का पुसट असेल तेथे अंदाज न करता जागा मोकळी सोडावी. पत्रातील मजकूर घरच्यांच्या संमतीवाचून वर्गात वाचू नये. मुंबई किंवा कलकत्त्याहून आलेले पत्र सापडले, तर ते नकाशावरील त्याच दोऱ्याजवळ लावावे.