तर्रीला दोष देण्याआधी खायचा स्पीड बघा

नागपुरात कोणाचं पोट बिघडलं की पहिला आरोप पोह्यावरच्या झणझणीत तर्रीवर, दुसरा सावजीच्या तिखट रश्श्यावर. तिखट-तेलाचा त्रास होतो हे खरंच आहे, पण सकाळी ऑफिसला जाता जाता गाडीवर बसल्या बसल्याच तर्री पोह्याची प्लेट चार-पाच मिनिटात संपवायची, दुसऱ्या हातात मोबाईल, वरून गरम चहा, आणि अकरा वाजता पोट फुगलं म्हणून सोड्याची पुडी शोधायची, यात तर्रीपेक्षा स्पीडचा हात जास्त असतो असं माझं पक्कं मत आहे. म्हणून काय खायचं ते आज बाजूला ठेवते, कसं खायचं तेवढंच सांगते. माइंडफुल ईटिंग म्हणून जे चाललंय ते हेच, जेवताना लक्ष जेवणात ठेवणं.

आधी पोटात काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटेल. पचन घास तोंडात जायच्या आधीच सुरू होतं. फोडणीचा वास आला, ताट समोर दिसलं की तोंडाला पाणी सुटतं आणि त्याच वेळी जठरातही पाचक रस सुटायला लागतो. पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला 1904 चं नोबेल पचनक्रियेवरच्या कामासाठीच मिळालं होतं. मग तोंडात लाळेतलं अमायलेज पोळी, भात, भाकरीतला स्टार्च फोडायला लागतं, पण घास चावलाच नाही तर त्याला वेळ कुठून मिळणार? घाईत गिळताना सोबत हवाही पोटात जाते, आणि जेवणानंतरचे ढेकर आणि फुगणं पुष्कळदा त्या हवेचंच असतं. आणखी एक, पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण 15 ते 20 मिनिटं लागतात, त्यामुळे दहा मिनिटात जेवणारा माणूस निरोप यायच्या आधीच दोन पोळ्या जास्तीच्या खाऊन बसतो.

आता करायचं काय. सुरुवात जेवणापासून करू नका, संत्र्यापासून करा. अमेरिकेत जॉन काबाट-झिन यांनी 1979 मध्ये स्ट्रेस कमी करायचा जो कार्यक्रम सुरू केला त्यात ही सवय एका मनुक्यावर शिकवतात, आपल्याकडे तर संत्र्याचे वर्षात आंबिया आणि मृग असे दोन बहार आहेत, मनुका काहून शोधायचा! एक संत्रं सोला, सोलतानाचा वास घ्या, एकच फोड हातात घ्या, तिच्या शिरा काढा, बी आहे का बघा. मग तोंडात ठेवून लगेच चावू नका. हळू दाबा, रस कुठे पसरतो, आंबट आधी लागतं का गोड, चोथा किती वेळ उरतो हे बघा, पूर्ण गिळून झाल्यावरच दुसरी फोड. रोज एवढंच, आठवडाभर. सोपं वाटतं पण तिसऱ्या फोडीला हात आपोआप मोबाईलकडे जातो, आणि आपण किती बेध्यान खातो हे तिथेच कळतं.

मग जेवणावर या, पण पूर्ण जेवण शांतपणे जेवायचा हट्ट धरू नका, दोन दिवसात सुटून जाईल. फक्त पहिले पाच घास. बसायच्या आधी स्वतःला विचारा की भूक खरंच लागलीय का घड्याळात एक वाजला म्हणून बसतोय का टेन्शन आहे म्हणून. मोबाईल दुसऱ्या खोलीत, टीव्ही बंद. आणि सगळ्यात कामाची गोष्ट ही की तोंडात घास असताना पुढचा घास बनवू नका. आपण हाताने जेवतो ना, तोंड चावत असतं तेव्हा बोटं भात कालवून तयार असतात आणि तयार घास थांबत नाही, तो आत ढकलला जातो. हात ताटात मोकळा ठेवा. 32 वेळा चावायचं वगैरे मोजत बसू नका, घासाचा लगदा झाला की गिळा. वरण-भात आणि पोहे मऊ असल्यामुळे न चावताच उतरतात, तिथे जास्त लक्ष लागतं, ज्वारीची भाकर स्वतःच चावायला लावते. अर्धं ताट झालं की एक-दोन मिनिटं थांबा, दोन घोट पाणी प्या. जेवताना थोडं पाणी चालतं, फक्त घास ढकलायला पाणी वापरू नका. आणि कोणाच्या घरी आग्रह सुरू झाला तर "थोडं थांबून घेतो काकू" म्हणा, नाही म्हटल्याचं वाईट वाटत नाही आणि आपल्यालाही ठरवायला वेळ मिळतो.

सावजीला गेलात तर? जा ना, मीही जाते. तिथे तोंड जळलं की माणूस गटागटा पाणी पितो आणि आणखी भराभर खातो, पण मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, दही-ताकाने आग कमी होते. तोंड भाजलं की थांबा, ताक घ्या, मगच पुढचा तुकडा रश्श्यात बुडवा.

रात्रीचं सांगायलाच हवं, कारण मिहान-हिंगण्याकडच्या कंपन्यांतून शिफ्ट करून येणारे कितीतरी लोक साडेदहाला जेवून अकराला आडवे होतात आणि मग छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं. जेवण आणि झोपेत दोन-तीन तास ठेवा, जमतच नसेल तर रात्रीचं जेवण हलकं करा आणि डाव्या कुशीवर झोपा. सकाळी उलटं आहे, नाश्त्यानंतर मोठं आतडं हालचाल करतं, तेव्हा पोट साफ व्हायची घाई वाटली तर ती दाबून घराबाहेर पळू नका, दहा मिनिटं राखून ठेवा. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना भूक आपोआप कमी होते, तेव्हा रोजच्या हिशोबाने ताट भरायची गरज नाही.

याने गॅस, जडपणा, अती खाणं यात फरक पडू शकतो, पण हा आजारावरचा इलाज नाही. शौच काळी होत असेल किंवा रक्त पडत असेल, घास गिळताना अडकत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, उलट्या थांबत नसतील तर सरळ डॉक्टरकडे जा. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू असणाऱ्यांनी भूक लागायची वाट बघत जेवण पुढे ढकलू नये, वेळेवरच जेवावं, फक्त हळू.