लाकूड पेटवण्याआधी डँपर बघा

फायरप्लेस किंवा लाकडाची शेगडी पेटवण्याआधी डँपर, म्हणजे धुराच्या वाटेवरची झडप, उघडी आहे ना ते बघा. बंद असेल तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीतच कोंडतात. धुराड्याच्या आतली धूर नेणारी पोकळ वाट म्हणजे फ्लू. खरी काळजी तिथे साचणाऱ्या क्रिओसोटची. ओलं लाकूड नुसतं धुमसत राहिलं की धूर वर जाता जाता थंडावतो आणि क्रिओसोटचा डांबरासारखा चिकट थर बसतो. हाच थर पुढे पेट घेतो. म्हणून लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा, आणि थर ३ मिलिमीटरचा दिसला की सफाई लांबवू नका. निखारे पूर्ण विझेपर्यंत डँपर बंद करायचा नाही, ऊब निसटतेय असं कितीही वाटलं तरी.