जॅझ आणि ब्लूज एकाच गिटारवर: लॉनी जॉन्सन यांच्या वाटेने

ब्लूज वाजवणाऱ्याला जॅझ शिकावेसे वाटले की तो बहुधा स्केलची पुस्तके उघडतो आणि काही महिन्यांत कंटाळून पुन्हा जुन्याच वळणावर येतो. त्यापेक्षा दोन्ही संगीतांत सहज वावरलेल्या एखाद्या वादकाचे काम क्रमाने ऐकावे आणि त्याच्यासमोर जो प्रसंग आला तो आपल्या गिटारवर हाताळून पाहावा. त्यासाठी कृष्णवर्णीय अमेरिकन गिटारवादक लॉनी जॉन्सन यांच्याइतके सोयीचे नाव मला दुसरे दिसत नाही.

न्यू ऑर्लिन्समधील वादकांच्या घरात वाढलेले जॉन्सन गिटारइतकेच व्हायोलिनही वाजवत. १९२५ मध्ये सेंट लुइसच्या बुकर टी. वॉशिंग्टन थिएटरमधील ब्लूज स्पर्धा जिंकल्यावर त्यांना ओके कंपनीचा ध्वनिमुद्रणाचा करार मिळाला. ध्वनिमुद्रण मिळावे म्हणून आपण काहीही केले असते, स्पर्धा ब्लूजची होती म्हणून ब्लूज गायलो, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. ‘ब्लूजवाले’ हा शिक्का त्यांच्यावर बसला तो असा.

सुरुवात बारा बारांच्या (बार म्हणजे चार मात्रांचा गट) ब्लूजपासूनच करावी, पण कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा, पूर्ण आकार न पकडता. ए पट्टीतील ब्लूज घ्या: चार बार ए सेव्हन कॉर्ड, दोन बार डी सेव्हन, पुन्हा दोन बार ए सेव्हन, मग ई सेव्हन आणि डी सेव्हन एकेक बार, आणि शेवटी दोन बार ए सेव्हन. आता चौथ्या तारेवर पाचवा फ्रेट आणि तिसऱ्या तारेवर सहावा फ्रेट एवढेच दाबा. हे जी आणि सी शार्प, म्हणजे ए हा सा मानला तर कोमल नी आणि शुद्ध ग. ए सेव्हनची सारी ओळख या दोन स्वरांत आहे. दोन्ही बोटे एक फ्रेट मागे घेतली की डी सेव्हन मिळतो आणि मूळ जागेपासून एक फ्रेट पुढे सरकवली की ई सेव्हन. पहिल्या आठवड्यात दुसरे काहीही वाजवू नये. कॉर्ड बदलताना नेमका कोणता स्वर कुठे सरकतो हे कानाला कळू लागले, की आठव्या बारात एफ शार्प सेव्हन, नवव्यात बी मायनर सेव्हन आणि दहाव्यात ई सेव्हन घालून पाहावे. तोच ब्लूज जॅझकडे झुकलेला लगेच जाणवेल.

त्यानंतर सुरांची धाटणी. तिसऱ्या तारेवरचा पाचवा फ्रेट हा सी, म्हणजे कोमल ग. तो दाबून तार किंचित ओढावी, पण शुद्ध गापर्यंत पोचू देऊ नये. ब्लूजचा जीव या दोहोंमधल्या जागेत आहे, आणि हार्मोनियमच्या पट्ट्यांवर न सापडणारी श्रुती ज्यांच्या कानाला ठाऊक आहे त्यांना ती लवकर सापडते. पूर्ण अर्धा स्वर ओढण्याची सवय लागली असेल तर आधी ती मोडावी लागेल.

इतके झाले की १९२७ च्या डिसेंबरमध्ये शिकागोत ट्रम्पेटवादक व गायक लुई आर्मस्ट्राँग यांच्या ‘हॉट फाइव्ह’ या जॅझ संचाबरोबर झालेली जॉन्सन यांची ध्वनिमुद्रणे काढा. ‘हॉटर दॅन दॅट’मध्ये आर्मस्ट्राँग निरर्थक अक्षरांनी गातात आणि जॉन्सन यांची गिटार त्यांना तुकड्यातुकड्याने उत्तर देते. हा भाग आधी तोंडाने म्हणावा, गिटारला नंतर हात लावावा. जी ओळ गाता येत नाही ती बोटांनी शिकली तरी निर्जीव वाजते. वेग निम्मा करून ऐकण्यात कमीपणा नाही. पुढच्या वर्षी ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाबरोबर केलेले ‘द मूच’ यानंतर ऐकावे.

खरी शाळा मात्र जॅझ गिटारवादक एडी लँग यांच्याबरोबरच्या १९२८-२९ मधील जुगलबंदीत आहे. लँग गोरे होते, आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या तबकडीवर त्यांचे नाव ‘ब्लाइंड विली डन’ असे छापले जाई. त्या काळच्या अमेरिकेत दोघांनी एकत्र वाजवण्याची ही तऱ्हा होती. ‘अ हँडफुल ऑफ रिफ्स’मध्ये लँग बहुतेक वेळ खालच्या तारांवर बेस आणि कॉर्ड सांभाळतात, जॉन्सन वर मोकळे खेळतात. मित्राला बरोबर घेऊन हे करावे आणि सोलो वाजवण्याची घाई असलेल्याने मुद्दाम लँग यांची बाजू घ्यावी. मित्र नसेल तर वर सांगितलेले दोन स्वर व बेस मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्यावर वाजवावे. सोलो वाजवणारे पुष्कळ असतात. कामे मिळतात ती साथ नीट करणाऱ्याला.

जॉन्सन यांचे पुढचे आयुष्य हेच दाखवते. मंदीत ध्वनिमुद्रणे आटली, तेव्हा त्यांनी मिळेल ती अंगमेहनत केली. किंग कंपनीसाठी त्यांनी गायलेले ‘टुमॉरो नाइट’ १९४८ मध्ये रिदम अँड ब्लूजच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सात आठवडे पहिले राहिले, आणि ते ब्लूज नव्हते, संथ प्रेमगीत होते. म्हणून आपल्या यादीतही दोन-तीन संथ गाणी असावीत, आणि ती एखाद्या गायकाला त्याच्या पट्टीत साथ देता येईल इतकी पक्की असावीत. गाणाऱ्याचा श्वास संपतो तिथेच गिटारने बोलावे, शब्दांवर नाही.

१९५९ मध्ये ते फिलाडेल्फियातील एका हॉटेलात साफसफाईचे काम करत असताना रेडिओ निवेदक क्रिस अल्बर्टसन यांनी त्यांना शोधून काढले, आणि पुढच्याच वर्षी गिटारवादक एल्मर स्नोडेन यांच्याबरोबर ‘ब्लूज अँड बॅलड्स’ ही तबकडी झाली. अभ्यासाच्या शेवटच्या टप्प्यात ती ठेवावी. तिच्यातील एक ब्लूज आणि एक बॅलड (संथ गीत) निवडून दोन्हींची साथ उतरवावी, आणि ती सलग वाजवताना उजव्या हाताचा जोर कुठे बदलतो ते तपासावे.