धंद्याची ओळख घडवायची, तर आधी अक्षरे पक्की करा

पुण्यात मसाले, चटण्या, लाडू-चिवड्याचा घरगुती धंदा सुरू करणाऱ्या ओळखीच्या लोकांना मी बरीच वर्षे मदत करते आहे. पहिल्या भेटीत जवळजवळ प्रत्येकजण रंगाबद्दल विचारतो. लाल रंगाने भूक वाढते का, हिरव्याने विश्वास वाटतो का? हे प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. चितळे म्हटले की बाकरवडी आठवते, कयानी म्हटले की श्रूजबेरी बिस्किटे. नाव आणि पदार्थ यांची अशी गाठ बसणे म्हणजेच ओळख. तुम्ही काय विकता, कोणाला विकता आणि शेजारच्यापेक्षा तुमचे वेगळे काय, हे दोन वाक्यांत सांगता येते असे मी धरून चालते.

नाव. फोनवर कोणाला तरी सांगा आणि लिहून घ्यायला लावा. 'परत सांगा' असे दोनदा ऐकू आले, तर नाव बदला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए की दोन, असा घोळ होणारे नावही नको. 'पुणेरी', 'शुद्ध', 'घरगुती' यांच्यावर नाव उभे करू नका. मालाचे वर्णन करणारी किंवा नुसते गाव सांगणारी नावे 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नोंदवून घेणे अवघड जाते. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोध फुकट घेता येतो. सारख्या उच्चाराची नावेही पाहा. नोंदणी मालाच्या आणि सेवांच्या ठरलेल्या वर्गांनुसार होते: मसाले, चटण्या, बिस्किटे, मिठाई वर्ग 30 मध्ये, लोणची 29 मध्ये, उपाहारगृह 43 मध्ये. एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षे टिकते. नोंदणी हातात येईपर्यंत नावापुढे गोलातला 'आर' छापू नका, तो गुन्हा आहे.

अक्षरे. खरे काम इथे आहे आणि इथेच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात. बहुतेक डिझायनर आधी इंग्रजी लोगो करतात आणि खाली यादीतला कुठलातरी देवनागरी फॉन्ट चिकटवतात. मी हे कोणालाही करू देत नाही. आधी देवनागरी, मग तिच्या वळणाला शोभेल असे इंग्रजी. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही पाटीवर मराठी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. म्हणजे तुमच्या दारावर सर्वांत ठळक दिसणार आहे ती देवनागरीच. तिला शेवटी उरलेली जागा देणे चूकच.

माझ्या पहिल्या पाकिटांवर नावाखाली ओळ होती, 'आचाऱ्यांच्या हातची चव'. छापून आली 'आचार्यांच्या हातची चव'. आचारी गेला आणि गुरुजी आले. दोन हजार पाकिटे होती, दिवाळी तीन आठवड्यांवर होती आणि प्रूफवर सही माझीच होती. मी ओळ वाचली होती, पण मनात असलेलीच वाचली. त्या पाकिटांवर पट्ट्या चिकटवताना गेलेल्या रात्री मी विसरलेले नाही.

असे का होते ते समजून घ्या. बऱ्याच छापखान्यांत अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरात आहेत. तुम्ही मोबाइलवर टाइप केलेला युनिकोड मजकूर तिथे नीट उतरत नाही, म्हणून ऑपरेटर तो पुन्हा टाइप करतो आणि 'ऱ्य'चा रफार होतो. काही वेळा सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसते. मग जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. म्हणून छापखान्याला टाइप केलेला मजकूर कधीच देऊ नका. डिझायनरकडून सगळी अक्षरे कर्व्ह करून घ्या, म्हणजे फॉन्टची गरज न उरता ती चित्रासारखी आकृती होतात, सोबत पीडीएफ द्या. प्रूफ तुम्ही वाचू नका. ज्याला मजकूर पाठ नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही ऐका.

फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' आधी पाहा. पुष्कळ फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे असतात. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणे आहेत, राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयातही तीच मान्य झाली आहेत. मराठी नावात हिंदी वळणाचा ल मला खटकतो आणि तो चालवून घ्यावा असे मला वाटत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट फुकट आहेत, धंद्यासाठी वापरता येतात. पण नावाचे चार-पाचच शब्द असतील, तर पैसे खर्चून ते चांगल्या सुलेखनकाराकडून लिहून घ्या. माझे मत विचाराल तर लोगोवरचा सगळा खर्च इथेच करावा.

पाटीसाठी आणखी एक. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार यांना जागा लागते. इंग्रजी अक्षरांच्या उंचीची पट्टी आखून त्यात नाव बसवले, की मूळ अक्षरे बारीक होतात. शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची आधी ठरवा, मग पाटीचे माप घ्या. कापलेली अ‍ॅक्रिलिक अक्षरे लावणार असाल, तर अनुस्वार हा सुटा तुकडा असतो हे लक्षात ठेवा. नुसत्या गोंदावर तो पावसाळा काढत नाही. मागून स्क्रूने बसवून घ्या.

रंग. दोन पुरेत. त्यांचे शाईचे आकडे, म्हणजे छपाईत कोणती शाई किती टक्के, लिहून ठेवा आणि प्रत्येक छापखान्याला तेच द्या.

पाकीट. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी क्रमांक, हिरवा ठिपका, वजन, किंमत, तारखा यांची जागा आधी सोडा, मग लोगो बसवा. कायद्याने लागणारी माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागते. मराठी सोबत द्या, पण नुसत्या मराठीवर भागत नाही.

लहान मापे. दोन सेंटिमीटरच्या काळ्या शिक्क्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गोलात नाव वाचता आले पाहिजे.

पाटी लावायच्या दिवशी संध्याकाळी दिवे लावून समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव वाचायला सांगा. तो अडखळला तर कारागीर शिडीवर असतानाच दुरुस्त करून घ्या. एकदा शिडी गुंडाळली, की तो परत यायला आठवडा लागतो.